टाकीची सावली

"पॅनेलांवर टाकीची सावली पडते. जोडणी मंजूर करता येणार नाही," अंगणातल्या खुर्चीतून न उठताच वीज कार्यालयाचे साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइलवर तसा शेराही मारला.

साठी ओलांडलेल्या कुसुमताई कुलथे त्यांच्याकडे बघतच राहिल्या. साहेबांच्या सहीवाचून सोलरची पॅनेलं विजेच्या लाइनला जोडता येत नव्हती. चार महिने ती गच्चीवर नुसती ऊन खात पडली होती. उन्हाळा सरत आला, तरी त्या विजेवर चालवायचं शेवयांचं नवं यंत्र झाकलेलंच होतं. या पाहणीसाठी त्यांनी कार्यालयाचे उंबरठे झिजवले होते, आणि स्वारी आली ती थेट चहाला बसली.

"टाकी कुठे दिसली तुम्हाला?"

"ती काय! गेटातूनच बघितली. चौदा वर्षं हेच करतोय, बाई. खालून एक नजर टाकली की कळतं."

कुसुमताईंनी त्या काळ्या टाकीकडे पाहिलं, तिच्या सावलीतल्या पॅनेलांकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"ती गच्ची शेजारच्या पाटणकरांची, साहेब. त्यांची जोडणी होऊन वर्ष झालं. मंजुरी तुमच्याच सहीची आहे."

साहेबांचा कप ओठांशीच थांबला. "मग तुमची गच्ची कुठली?"

"ही काय, तुमच्या डोक्यावर."

कुसुमताईंनी पदर खोचला आणि कोपऱ्यातली लोखंडी शिडी आणून त्यांच्यासमोर भिंतीला लावली.

"चढा. घाबरू नका, खालून मी धरते."