काचेखालचं परिपत्रक

“पान उलटा रे! मागेही प्रश्न असतात. दर वर्षी कुणीतरी महाभाग तसाच सोडून येतो,” सर सातवीच्या वर्गाला बजावत होते, तेवढ्यात विज्ञानाच्या बाई दाराशी आल्या. त्यांच्या हातात चिकटवलेलं पाकीट होतं.

“सर, हे शिक्षण कार्यालयात द्यायचंय. शुक्रवार शेवटचा दिवस. तुमच्यामार्फतच जावं लागतं म्हणे.”

“चिकटवलंत कशाला?”

“उघडू नका हं. वाचलंत तर रागवाल माझ्यावर.” बाई ओशाळं हसल्या आणि तासाला निघून गेल्या.

पाकिटात काय असणार हे कळायला ज्योतिषी नको होता. सरांनी ते ऑफिसातल्या खणात टाकलं आणि कुलूप लावलं. किल्ली खिशात घातली. मग उगाचच पुन्हा बाहेर काढून पाहिली.

सहा वर्षं ते शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक होते. प्रभारी म्हणजे कामं सगळी आणि नाव काही नाही. ऑफिसच्या भिंतीवर मुख्याध्यापकांच्या नावांची पाटी होती. प्रभारींची नावं तिच्यावर रंगवत नसत, त्यामुळे शेवटच्या नावाखालची ओळ सहा वर्षं कोरीच होती. सर रोज तिच्यासमोर बसत. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि यंदा ज्येष्ठतेनं त्यांचीच पाळी होती. घास अगदी हातातोंडाशी आला होता.

आणि गेल्या आठवड्यात परिपत्रक आलं. नियम बदलले. नुसती नोकरीची वर्षं आता चालणार नव्हती, पात्रता परीक्षा पास हवी. पात्र माणूस नसेल तरच ज्येष्ठाला सूट.

शाळेत ती परीक्षा पास झालेलं एकच माणूस होतं, विज्ञानाच्या बाई. गेल्या वर्षी त्यांना अभ्यासाला सवड मिळावी म्हणून दोन महिने त्यांचे तास कुणी घेतले होते? सरांनीच. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा!

सरांनी ते परिपत्रक टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं. दिवसातून दहादा नजर तिथे जायची. ‘पात्र शिक्षकांनी आपले म्हणणे शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे’ ही पानावरची शेवटची ओळ तर त्यांना पाठच झाली होती.

जेवताना बायकोनं विचारलं, “त्या बाईंनी केला का हो अर्ज?”

“नाही,” सर ताटाकडे बघत म्हणाले.

“गुणाची पोर! केलेलं विसरली नाही. मी रंगाऱ्याला सांगून ठेवते, एक नाव रंगवायचंय म्हणून.”

सर अर्ध्या ताटावरून उठले.

बुधवार गेला, गुरुवार गेला. वर्गात शिकवताना मध्येच त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे जायचा. कारकून काही शोधायला खणाजवळ आला की यांच्या तोंडचं पाणी पळायचं. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि आता आपण हे काय करतोय, याची त्यांना लाज वाटत होती. पण पाटीवरची कोरी ओळ दिसली की लाज कुठच्या कुठे जायची.

शुक्रवारी दुपारी मात्र त्यांना राहवेना. पाकीट घेऊन ते तडक शिक्षण कार्यालयात गेले. टपाल घेण्याच्या खिडकीपुढे चार माणसं होती. एकेक पुढे सरकत होता आणि सरांचं मन दोन पावलं मागे.

“बोला सर, काय द्यायचंय?” खिडकीतला माणूस शिक्का हातात घेऊन म्हणाला.

सरांचा हात खिशात गेला. पाकीट बोटांना लागलं. ते बाहेर काही येईना.

“काही नाही. खिडकी कितीला बंद होते?”

“पाचला. दहा मिनिटं आहेत अजून.”

ती दहा मिनिटं सर जिन्यात उभे राहिले. वर एक पायरी चढायचे, खाली दोन उतरायचे. पाच वाजले, खिडकीची फळी खाली पडली. सुटलो, असं त्यांना वाटलं. लगेच मेल्याहून मेल्यासारखंही झालं. शाळेत परतून त्यांनी पाकीट पुन्हा खणात कोंडलं.

शनिवारी सकाळी बाई व्हरांड्यात भेटल्या. “पोचलं ना सर?”

“हो. मीच नेऊन दिलं.”

“सुटले बाई! आता मला झोप लागेल.”

सर हसले. ती रात्र त्यांनी छताकडे बघत काढली.

सोमवारी आदेश आला. तो वाचताना कारकुनाचा चेहरा उतरला. “सर, विज्ञानाच्या बाई मुख्याध्यापक झाल्या. आजपासूनच.”

“असं कसं होईल?” सर ताडकन उभे राहिले. “त्यांचा अर्ज तर...” आणि त्यांनी जीभ चावली.

“अर्ज कशाला लागतोय? पात्र असेल त्याला पद आपोआपच मिळतं. नको असलं तरच लिहून द्यायचं होतं.” कारकुनानं काच उचलली, परिपत्रक काढलं आणि उलटं करून पुढे धरलं. “हे काय, मागच्या पानावर आहे की.”

सरांनी मागचं पान पहिल्यांदाच पाहिलं. ते खणाला पाठ लावून तसेच उभे राहिले.

तेवढ्यात बाई धावतच आत आल्या. कुणीतरी बातमी सांगितली असावी. डोळे भरून आले होते.

“सर, हे काय होऊन बसलं हो? तुमच्या हक्काची खुर्ची मी कशी घेईन? माझा नकार तुम्ही स्वतः नेऊन दिला होतात ना?”