उंबऱ्यापाशी

“यांतले अप्पा कुठले, अम्मा?”

पडद्यावर मेलेली माणसं स्मशानातून उठून गल्लीत शिरत होती. सगळ्यांच्या तोंडाला राख फासलेली, सगळ्यांचे हात पुढे. पुष्पावतीने चष्मा पुसून पुन्हा लावला.

“कळंना गं. सगळ्यांना एकाच रंगात बुडवून काढलंय.”

तुंगाने मांडीवरच्या लेकीला थोपटलं. ती स्वतः आठ महिन्यांची असताना अप्पा गेले. घरात त्यांचा एकच फोटो, ताठ उभे असतानाचा. ते चालायचे कसे, एवढंच तिला बघायचं होतं.

तिचे अप्पा, लष्कर मोहल्ल्यातले रंगारी वेंकोजीराव, शेजाऱ्यांबरोबर हौसेने या सिनेमात एक दिवस मुडदा झाले होते. सहा महिन्यांत खरेच गेले. “मेल्याचं सोंग घेऊ नका म्हटलं होतं,” एवढंच पुष्पावती म्हणायची. तीस वर्षं तिने या सिनेमाचं नाव घरात काढू दिलं नाही. आज लेकीसाठी आली होती.

कुवेंपुनगरातला तो लहानसा हॉल कॉलेजच्या पोरांनी भरला होता. त्यांना सिनेमा पाठ. स्मशानाची कापडी भिंत हलली की हसायचे, रक्त जरा गुलाबी दिसलं की शिट्ट्या.

एकाएकी सगळे ओरडायला लागले, “चप्पली! चप्पली!”

एक मुडदा एका घराच्या दारात आला होता. आत बाई किंचाळत होती. त्याची नजर थिजलेली, हात तसेच पुढे. उंबऱ्याशी तो थांबला. चपला काढल्या. पायानेच वळवून, जोडीने, रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या. मग आत गेला.

हॉलभर हशा. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “नोड मगा, बघ रे, संस्कारी भूत!”

पुष्पावतीने तुंगाचं मनगट घट्ट धरलं. “हेच. हेच ते. बघ की गं!”

तुंगाने लेकीला पडद्यासमोर उचलून धरलं. “पुट्टी, ते बघ अज्जा...”

आतून कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला. टाळ्या पडल्या.

अप्पांची चारच पावलं. आता पडद्यावर नुसतं दार होतं आणि बाहेर त्या चपला.

“अशा वळवून का ठेवल्या, अम्मा?”

“घरीही तसंच ठेवायचे,” पुष्पावती म्हणाली. “निघताना वेळ लागत नाही म्हणायचे.”