तांडेलाची ओ

लुटलेल्या गोड्या पाण्याच्या टाक्या चढवून झाल्या, तशी होडीने हजेरी घ्यायला सुरुवात केली. चाच्यांचा म्होरक्या दामा तांडेल याचा तो रिवाजच होता: प्रत्येकाने नावाला ओ दिल्याशिवाय होडी घराकडे वळवायची नाही. अख्खा समुद्र आपला व्हावा या हट्टापायी त्याने गेल्या साली स्वतःचं मन, आवाज आणि आडदांडपणा होडीच्या यंत्रात भरून घेतला होता. "मी मेलो तरी धाड थांबायची नाही," म्हणाला होता.

"परशा!"

"ओ," परशा हुंदका देत म्हणाला. त्यालाच वाचवायला तांडेलाने मघाशी पाण्यात उडी मारली होती. परशा वर आला. तांडेल आला नाही.

"यमुना!"

"ओ."

"दामा!"

कुणीच बोललं नाही. होडी गर्रकन मागे वळली, थेट पाठलागावर असलेल्या गस्ती बोटींच्या बंदुकांकडे.

"तांडेल, सगळे मरू!" यमुना ओरडली.

"माझा माणूस मागे राहिलाय, यमुने," होडी त्याच्याच आवाजात म्हणाली. "मी कुणाला टाकून गेलोय कधी?"

सगळं तारुण्य तिने त्याच्या शेजारी काढलं होतं. खोटं त्याने लगेच ओळखलं असतं. तिने यंत्राच्या थंड पत्र्यावर हात ठेवला.

"दामा बुडाला रे. आता उरलायस तो तूच. ओ दे, म्हणजे ही माणसं घरी जातील."

यंत्र नुसतंच घरघरत राहिलं. समोरचे दिवे मोठे होत होते.

"दामा," होडीने पुन्हा हाक मारली, अगदी हळू.

मग तिनेच स्वतःच्या हाकेला ओ दिली, आणि किनाऱ्याकडे वळली.