ढिगातलं पाकीट

"ताई, आता तरी कापा एकदाचं!" ओदेरा दारातूनच ओरडला आणि रांगेतले सगळे खो-खो हसले. केनियातल्या किसुमूत सायकलीवरून माणसं पोचवणारा हा गडी, त्याच्या जिभेला हाड नाही.

अपोंदीलाही हसू आलं. ती इथल्या आरोग्य संशोधन केंद्रातली परिचारिका आणि त्याची थोरली बहीण. सुंता केली तर एचआयव्हीची लागण कमी होते का, हे केंद्राला तपासायचं होतं. इथल्या लुओ लोकांत सुंतेची रीत नाही, म्हणून तर अभ्यास करणारे डॉक्टर साहेब इथे आले होते. लागण नसलेले शेकडो तरुण निवडले. ज्याने त्याने ढिगातलं एक बंद पाकीट उचलायचं. आत 'आज' निघालं तर सुंता लगेच, 'दोन वर्षांनी' निघालं तर थांबायचं. निरोध आणि उपदेश दोघांनाही सारखाच.

ओदेराला 'दोन वर्षांनी' निघालं होतं. "एवढा ढीग पडलाय, दुसरं दे ना," म्हणून तो तिच्या मागेच लागला. "भावाला बदलून दिलं तर सगळ्या कामाची माती होईल," असं सुनावून तिने त्याला हाकललं होतं. आपल्या सचोटीचा तिला अभिमानही वाटला होता.

काल साहेबांनी अभ्यास मध्येच थांबवला. थांबलेल्यांमध्ये लागण दुप्पट निघाली होती, त्यांना आणखी ताटकळत ठेवणं पाप ठरलं असतं. अपोंदीने हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

आज ओदेराची पाळी. आधी रक्त तपासायचं. तिने त्याचं बोट टोचलं. पट्टीवर एक रेघ उमटली, मग हळूहळू दुसरी. दुसरी रेघ म्हणजे लागण. एक पाकीट, फक्त एक पाकीट बदलून द्यायचं होतं. तिने दुसऱ्या बनावटीची पट्टी घेतली. तिच्यावरही तेच.

ओदेराची टकळी चालूच होती. "आजोबांचे आपल्या रीतीप्रमाणे खालचे सहा दात पाडले, तेवढ्यावर ते पुरुष झाले. आमचं नशीब बघ! माझी औमा पोटुशी आहे, म्हटलं बाळ येण्याआधी उरकून टाकू. बरं ताई, आमच्या गटात किती जणांना लागली गं?"

"काल साहेब सव्वीस म्हणाले."

"बिचारे! त्यांच्यामुळे आपल्याला कळलं म्हणायचं." तो बाही सारखी करत वळला. "अगं, अशी बघतेस काय? सव्वीसच ना?"

अपोंदीने त्याचा हात घट्ट धरला.

"सत्तावीस."