चारशे बारा

“बाबा, चारशे बारा! आता तरी खरं सांगा, काय खाल्लंत?”

“बिनसाखरेचा चहा. शपथेवर सांगतो.”

“मग काय मशीन खोटं बोलतंय?”

“अरे, मी घड्याळजी माणूस. मशीनपण खोटं बोलतं, फक्त चेहरा पाडत नाही.”

लेकाला हसू आलं नाही. तो पहाटेपासून बेकरीत उभा. केकवर पिठीसाखरेची नक्षी काढून काढून मान मोडलेली. दुपारी घरी आला की ॲप्रनसुद्धा न काढता आधी बापाची साखर बघायची, मग स्वतः घोटभर पाणी प्यायचं. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगा असावा तर या केकवाल्यासारखा.

आणि आजार ओळखलाही त्यानंच, बरं का! बाबा तांब्यावर तांबे पाणी रिचवायला लागले, दर अर्ध्या तासाला संडासाकडे धाव. पँट कमरेवर राहीना, पायाची जखम महिना झाला तरी ओलीच. मग एक दिवस घड्याळातला कणभर स्क्रू दिसेना, तेव्हा त्यांनी चिडून भिंगच फेकून दिलं. बाबा म्हणाले, वय झालं. केकवाला म्हणाला, वय नाही, ही साखर आहे, उठा.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. सिस्टरनी मशीन दिलं, शिकवलं. “टोचायच्या आधी हात स्वच्छ धुवायचे. उपाशीपोटी शंभरच्या आत आली म्हणजे राजा माणूस. आकडा रोज फोनवर कळवायचा.” एक कागदही दिला, दोन्ही बाजूंनी छापलेला. केकवाल्यानं तो गोंद लावून कपाटावर पक्का चिकटवला. वाढलेल्या साखरेची लक्षणं समोर, उतरलेल्या साखरेची मागे, गोंदाखाली.

तेव्हापासून रोजचं ठरलेलं.

“बाबा, हात धुवून या.”

“तूच हात धुवून माझ्या मागे लागलायस!”

पुटपुटत का होईना, बाबा मनगटापर्यंत साबण लावून यायचे, टॉवेलनं बोट न बोट कोरडं करायचे. मग हा ते बोट आपल्या चिमटीत धरायचा, टोचायचा आणि थेंब येईस्तोवर चेपायचा. तीनशे चाळीस. तीनशे नव्वद. फोन केला की निरोप यायचा, इन्सुलिन दोन युनिट वाढवा.

युनिटं वाढत गेली आणि बाबा ढासळत गेले. म्हणजे गंमत बघा, तहान गेली होती, जखम भरली होती. पण इंजेक्शन दिलं की तासाभरात घामानं चिंब. ज्या हातांनी केसाएवढी स्प्रिंग बसवली, त्या हातांना कप पेलेना. भूक भूक करायचे. एकदा तर पोटच्या पोरालाच विचारलं, “आपण कोण?”

आणि एकदा तो घरी परतला तर बाबा स्वयंपाकघरात फरशीवर बसलेले, हात साखरेच्या डब्यात.

“सापडलात ना!”

“अरे, चिमूटभर खाल्ली की बरं वाटतं रे.”

“बरं वाटतं? विष आहे ते तुम्हाला!”

त्यानं डबा कपाटात टाकला, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. बाबा कपाटाला डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. तो दाराआड उभा राहून रडला. पण किल्ली दिली नाही.

आणि आज चारशे बारा. त्यानं फोन केला, सांगितलं तेवढं इंजेक्शन वाढवून दिलं, पांघरूण घातलं आणि मोठी ऑर्डर होती म्हणून पुन्हा बेकरीत गेला.

संध्याकाळी आला तेव्हा बाबा कपाटापाशी पडले होते. गार. कुलपात त्यांचा सगळ्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर अडकलेला. जन्मभर घड्याळं उघडली, आणि एवढंसं कुलूप उघडलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, साखर होतीच, हृदयानं दगा दिला.

आठवड्यानं सिस्टर मशीन परत न्यायला आल्या. केकवाला नुकताच कामावरून आलेला, ॲप्रन न काढताच बसलेला.

“मीच कमी पडलो, सिस्टर. कुलूप आधी घालायला हवं होतं.”

“वेड्या, तू केलंस तेवढं कोण करतं? आता स्वतःची साखर बघ. बापाला होती, तुलाही असू शकते.”

त्यानं सरावानं आपलं बोट चिमटीत धरलं, टोचलं, चेपलं.

चारशे तीस.

त्याला जवळजवळ बरंच वाटलं. चला, बाबांच्याच वाटेनं.

सिस्टर मात्र आकडा सोडून त्याच्या नखांकडे बघत होत्या. नखांच्या कडेला पांढरी पूड होती.

“बाबांची बघायचास तेव्हा तूही हात धुवायचास ना?”

“मी? माझं कुठं बोट टोचायचं होतं? मी कामावरून थेट त्यांच्यापाशी यायचो.”

सिस्टरनी मशीनमध्ये नवी पट्टी घातली.

“जा,” त्या हळूच म्हणाल्या, “हात धुवून ये.”

तो साबण लावून, हात कोरडे करून आला. या वेळी बोट सिस्टरनी धरलं. मशीननं पाच सेकंद घेतले.

ब्याण्णव.