अकरा वर्षांचं सॉरी

इंग्लंडातल्या आमच्या ग्रिम्सबी गावात धक्का मारणारा आणि धक्का खाणारा, दोघंही सॉरी म्हणतात. बाबा तर विजेच्या खांबालाही म्हणतात. घरात मात्र त्यांच्या सॉरीचा अर्थ एकच, 'काय म्हणालीस?' कारण आईचं बोलणं पहिल्या फटक्यात त्यांनी कधी ऐकलेलंच नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिचं लाडकं पेअरचं झाड बाबांनी एका टिनपाट शेडसाठी तोडलं. त्याचं सॉरी ती अजून मागतेय.

आज न्याहारीला शब्दकोड्यात डोकं घालून आई म्हणाली, "नॉर्मन, तुझा टोस्ट करपतोय." बाबा खिडकीतून त्या शेडकडे बघत होते. ते तिच्याकडे वळले. अखेर ते म्हणाले, "सॉरी, डॉरिन."

 

 

"टोस्ट! टोस्ट करपतोय म्हटलं! कानात बोळे घातलेत का?"