सोमवारी सकाळी सात

वडिलांचं, म्हणजे नानांचं, तेरावं आटोपून शाल्मली ऑफिसात परतली. नोकरीधंद्याच्या साइटवर तिच्या नावाने ओळखीच्या विनंत्या पाठवायचं काम तिचा यांत्रिक सहायक करायचा. रोज वीसच, प्रत्येकीचा मजकूर वेगळा, वेळ वेगळी, म्हणजे साइटला यंत्राचा संशय येत नसे. आलेल्या विनंत्याही तोच चाळायचा.

"नव्या ओळखी चारशे बारा," सहायक म्हणाला. "एक खातं यंत्राचं निघालं, ते अडवलं."

"कशावरून यंत्राचं?"

"दर सोमवारी सकाळी ठीक सातला तोच मजकूर, अकरा वेळा. माणसं इतकी नेमाने वागत नाहीत."

तिने खातं उघडलं. फोटो नव्हता. 'निवृत्त फिटर, इचलकरंजी' एवढंच होतं. सातच्या भोंग्याला नाना चाळीस वर्षं गिरणीच्या फाटकात हजर असायचे. दिवाळीत त्यांच्याशी झालेल्या भांडणानंतर तिने नंबर बदलला, तो त्यांना कळवलाच नव्हता.

मजकूर होता, "शालू, तुझा फोन लागत नाही. बरी आहेस ना?"

तिने अडवलेलं खातं मोकळं केलं. मग तिने उत्तर लिहिलं, "बरी आहे, नाना."

सहायकाने अदबीने विचारलं, "पाठवायला कोणती वेळ ठरवू?"